बाहेरची कडी

अण्णा, भांडण अर्धं टाकून निघून जायची ही कुठली रीत? दिवाळीत मी म्हणाले होते, या खेपेला सोक्षमोक्ष लावल्याशिवाय नगरला परत जाणार नाही. तुम्ही कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारत म्हणालात, "संक्रांतीला ये, तवा बोलू." मी संक्रांतीच्या चार दिवस आधीच आले, ताईचा फोन आल्यावर, मिळेल त्या जीपनं. तोवर तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात. शेडमध्ये रंधा अर्ध्या फळीवर उभा होता आणि त्याच्या तोंडात लाकडाची एक लांब साल अडकलेली होती. ती मी अजून काढलेली नाही. आईनंही काढलेली नाही.

आज पंधरावा दिवस. पाहुणे पांगले, ताई राहुरीला तिच्या घरी गेली, मांडववाल्यानं बांबू नेले. आई ओट्यावर तूर निवडतेय आणि मी खिडकीखालच्या टेबलापाशी बसून हे लिहितेय. तुम्हाला वाचायचा कंटाळा. पत्र आलं तरी "मजकूर काय हाय त्यो सांग" म्हणायचात. म्हणून मजकूर आधीच सांगून टाकते. भांडण तुम्ही जिंकलात. हे तुमच्या तोंडावर कबूल करायची वेळ आली असती तर मी केलं असतं का, ठाऊक नाही. जीभ माझी तुमच्यावरच गेली आहे.

आपलं भांडण परक्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. शिंगणापुरात घराला चौकट असते, उंबरा असतो, पण दार नसतं. राखायला देव बसलाय, म्हणून कुलूप नको, आणि कुलूप नको म्हणून दारही नको. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी आडवी लावायची. अशा गावात तुम्ही सुतार. सोनईच्या बंगल्यांना, राहुरीच्या क्वार्टरांना, घोडेगावच्या दुकानांना दारं तुमच्या हातची. आधी बैलगाडीतून, मग टेम्पोतून दारं गावाबाहेर जायची आणि आपल्या आतल्या खोलीला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. मला त्या खोलीला दार हवं होतं. नऊ वर्षं मी ते मागत राहिले आणि नऊ वर्षं तुम्ही ते दिलं नाहीत.

सुरुवात तुम्हाला आठवत असेल. मी बारा वर्षांची होते आणि तेव्हा सगळे मला सुनील म्हणत. ताई माळावर गेली होती. मी तिचा हिरवा परकर नेसून आतल्या खोलीत आरशासमोर उभी होते. परकर नेसून काही विशेष करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं, श्वास नीट घेत. बापूकाका घमेलं परत द्यायला आले आणि पडदा बाजूला झाला. त्यांच्या मागे तुम्ही होतात. काकांनी हात उचलला, तो तुम्ही मधेच धरलात. मग तुम्ही म्हणालात, "कापडं बदल आन् जेवाय ये."

त्यानंतर मी कपड्यांसकट अंघोळ करायला लागले. पडदा वाऱ्यानं हलला तरी मी कोपऱ्यात सरकायची. अन्न जाईना. एक दिवस शेडमध्ये येऊन मी म्हणाले, "अण्णा, आतल्या खोलीला दार करा." तुम्ही बराच वेळ करवतीला कानस लावत राहिलात. मग म्हणालात, "गावात दार चालत न्हाई, बाळा." आणि दोनच दिवसांनी तुम्ही मला आठ दिवसांसाठी मामाकडे धाडून दिलंत. मला वाटलं, माझी लाज वाटते म्हणून नजरेआड केलंय. परत आले तर खिडकीखाली हे टेबल. लिंबाच्या जाड फळ्यांचं, चार पाय भक्कम, वरची फळी गुळगुळीत. दार मागितलं आणि टेबल मिळालं. फळीच्या एका कडेला अंगठ्याएवढं भोक होतं. विचारलं तर तुम्ही म्हणालात, "लाकडाची गाठ निघाली." तुमच्यासारख्या सुतारानं गाठीची फळी वापरावी याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. पण मला पेन उभं करायला जागा झाली, आणि मी तो विषय सोडला.

तुम्ही इतर बाप करतात ते सगळं केलंत, हेही लिहायला हवं. नाहीतर तुमचा नुसताच देव होईल आणि तुम्हालाच ते आवडणार नाही. अंगारा झाला, ताईत झाला. नगरचे दोन डॉक्टर झाले. त्यातल्या एकानं मला कवायत करायला सांगितली आणि तुम्ही पहाटे मला माळावर पळवलंत, वर स्वतःही पळालात, धोतर सावरत. तिसऱ्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला बाहेर न बसवता तुमच्यासमोरच सगळं विचारलं. काय वाटतं, कधीपासून वाटतं. मी सांगितलं. माझ्या तोंडून ते तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत. शेवटी त्या तुम्हाला म्हणाल्या, "हे बदलायचं नाही. तुम्ही बदलता का बघा."

परतीच्या एसटीत इमामपूरचा घाट उतरेपर्यंत तुम्ही तिकिटाची घडी घालत बसलात. मग खिडकीकडे बघत म्हणालात, "बाई म्हनली, तुमी बदलता का बघा. आता या वयात मला काय येतंय बदलाय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घोडेगावला उतरून रसवंतीत बसलो. अर्धा ग्लास रस संपवून, मिशी पुसून तुम्ही म्हणालात, "बघू." लोक मोठमोठी वचनं देतात, शपथा घेतात. मला तुमच्याकडून तेवढंच मिळालं, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत पाळलंत.

बदललात कसे, ते मात्र तुमच्याच पद्धतीनं. शेजारच्या गावच्या हायस्कुलात पोरं मला मुतारीत गाठून सतावत. मी दिवसभर पाणी पीत नसे. आईनं ते हेरलं आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही सदरा बदलून हेडमास्तरांपुढे जाऊन उभे राहिलात. ते म्हणाले, एका मुलासाठी वेगळी सोय कशी करणार? तुम्ही म्हणालात, "त्या बोरीखालचा संडास मोडून पडलाय. दार म्या करून देतो. तेवढं माज्या लेकराला जाऊ द्या." रविवारी मला बरोबर घेऊन तुम्ही ते दार बसवलंत. मी बिजागऱ्या धरल्या, तुम्ही स्क्रू पिळलेत. हेडमास्तर बघायला आले आणि म्हणाले, बाहेरून कडी राहिली. तुम्ही म्हणालात, "बाहीरनं कडी न्हाई लावायची. आतली हाय न्हवं." त्यांना वाटलं, तुमच्याकडची कडी संपली असेल.

मी पाणी प्यायला लागले. आणि घरी येऊन भांडायलाही लागले. शाळेला दार दिलंत, मला का नाही? तुमचं उत्तर ठरलेलं होतं, देवाचं गाव हाय. मग मी म्हणायची, तुम्ही देवाला नाही, लोकांना भिता. ते बोलणं तुम्हाला लागायचं, हे मला दिसायचं. तरी मी बोलायची.

लोकांना भिता म्हणाले आणि दोन वर्षांनी ती अमावास्या आली. शनिवारी आलेली, त्यामुळे गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही. आपल्याकडे पुरुषांनी अंघोळ करायची, ओलं सोवळं नेसायचं आणि उघड्या अंगानं चौथऱ्यावर जाऊन तेल वाहायचं. बायका खाली थांबतात. पाच वर्षांची असल्यापासून तुमचं बोट धरून मी वर जायची. त्या दिवशी मी सोळा वर्षांची होते. विहिरीवर तुम्ही ओलेते उभे आणि मी कोरडीच. मी म्हणाले, "अण्णा, मला उघड्या अंगानं वर नाही जायचं. आता कधीच नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेलाची लोटी तुमच्या हातात होती. रागावाल असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "मग खाली थांब. बायांत."

मी जाऊन बायकांत उभी राहिले, शर्ट-पँटमध्ये, मान खाली घालून. जरा वेळानं माझ्या शेजारी पाणी ठिबकायला लागलं. बघते तर तुम्ही. लोटी तुम्ही वर जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात दिली होती. ओल्या सोवळ्यातला पुरुष माणूस बायकांच्या गर्दीत, थंडीनं काकडत. आपल्या गल्लीतली एक काकू हसून म्हणाली, "सुतारदादा, तुमी हिकडं कुठं चुकला?" तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "चुकलो न्हाई. माज्या पोरीबर आलोय."

घरी जाईस्तोवर गावभर झालं. बापूकाका तुमचे भाऊ असून सहा महिने आपल्याकडे पाणी प्यायले नाहीत. पाव्हण्यांत चर्चा झाली, ताईच्या सासरी कुजबुज झाली. तुम्ही पुन्हा कधी चौथऱ्यावर गेला नाहीत. दर शनिवारी माझ्याबरोबर खालीच उभे राहिलात, मी नगरला गेल्यावर एकटे राहिलात, असं आई सांगते. मी म्हणायची, अण्णा, तुम्ही जा ना वर, माझ्यासाठी कशाला? तुम्ही म्हणायचात, "देवाला खालून बी दिसतंय." ज्या माणसानं शनिवार कधी चुकवला नाही, त्याला वर जायचं सोडताना काय झालं असेल, हे मी कधी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

रेशनकार्डाचा किस्सा मात्र मी जन्मभर सांगणार आहे. तालुक्याच्या कचेरीत तुम्ही किती खेपा घातल्यात, देव जाणे. कारकून म्हणायचा, असं लिहायला रकाना नाही. तुम्ही म्हणायचात, "रकाना म्या करून देतो की, सुतार हाय." नवीन कार्डं निघाली तेव्हा तो बिचारा कंटाळला आणि म्हणाला, "नाव काय लिहू?" मला मनातून मयूरी व्हायचं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुनीता." बाहेर आल्यावर मी चिडले, मला विचारलं का? तर तुम्ही म्हणता, "तुला इचारलं आस्तं तर आजून चार खेपा झाल्या आस्त्या." अण्णा, आता सांगते. सुनीता चांगलं आहे. मयूरी नावाची बाई रंधा मारताना बरी दिसली नसती.

खरं तर तुमच्या हाताखाली शिकलेला रंधा मी सोडणार होते. सलवार-कमीज घातल्यावर सुतारकाम कसलं करायचं, असं माझ्या डोक्यात होतं. मला शिवणाचं मशीन हवं होतं. तुम्ही म्हणालात, "मशीन घिऊ. पर हात तुजा लाकडाचा हाय. रंध्याला काय कळतंय कोन मारतंय ते?" त्यावरही आपण आठ दिवस भांडलो. शेवटी तुम्हीच मला नगरच्या फर्निचरवाल्याकडे घेऊन गेलात. मी ओढणी घट्ट धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "ही माजी पोरगी. रंधा माज्यापरीस हलका मारती. आट दिस बघा, न्हाई पटलं तर धाडून द्या." तो हसला, पण आठ दिवसांनी त्यानं धाडून दिलं नाही.

आणि मग ती खोली. माझी पहिली दार असलेली खोली. दार कसलं, पत्र्याचं अस्तर मारलेलं, खाली घासणारं, पण मला राजवाड्यासारखं वाटलं. तुम्ही आलात, पिशवीतून हत्यारं काढलीत, बिजागरी सरळ केलीत, आतून जाड कडी बसवलीत. सरकवून दाखवलीत, लोण्यासारखी सरकत होती. आणि मग बाहेरचा कडी-कोयंडा उपटून खिशात टाकलात. मी म्हणाले, "अण्णा, कामाला जाताना कुलूप कशाला लावू?" तुम्ही भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवत म्हणालात, "कशाला लावायचं? काय हाय तुज्या खोलीत न्यायला?" शिंगणापूरच्या माणसाला नगरात खोली लावून द्यायला सांगितली की हे असं होतं. पंधराव्या दिवशी माझा स्टोव्ह गेला. ट्रान्झिस्टरही गेला, पण स्टोव्ह नवा होता.

मी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला. तुम्हाला बोलावून आणेपर्यंत माझा पारा चढलेला. मी ओरडले, "अण्णा, स्टोव्ह गेला. तुमच्यामुळं गेला." तिकडून तुमचा शांत आवाज, "नवा घिऊ. तू हायेस न्हवं?" शनिवारी तुम्ही नवा स्टोव्ह घेऊन हजर. कडी मात्र आणली नाहीत. मी पुन्हा भांडले. म्हणाले, तुम्हाला गावाबाहेरचं जग कळत नाही. तालुक्याला दारं दिलीत, स्वतःच्या लेकीला एक दिलं नाहीत, आणि तिनं स्वतः मिळवलं तर त्याचंही वाटोळं केलंत. तुम्ही चहा बशीत ओतून प्यायलात आणि पाच वाजताची गाडी पकडलीत. हा आपला वाद दिवाळीपर्यंत चालला होता. तोच संक्रांतीला मिटवायचा होता.

मधे तिसगावचं ते जोडपं आलं. देवाला आलेले, बरोबर तेरा वर्षांचं लेकरू, मान वर न करणारं. दुकानात कुणीतरी कुत्सितपणे सांगितलं असणार, की त्या सुताराकडं जा, त्याच्याकडं बी तसलंच हाय. ते खरंच आले. मी सुट्टीला घरी होते. लेकराच्या बापानं विचारलं, "याला उपाव काय?" तुम्ही त्यांना खाटेवर बसवलंत, गूळ-पाणी दिलंत आणि म्हणालात, "उपाव म्याबी लई धुंडला. तुमचं जोडं झिजायच्या आत सांगतो. पैली गोष्ट, कोंडू नका." मला हसू आलं. एवढं सगळं सांगायचं सोडून पहिली गोष्ट ही? तो माणूस मात्र चपापला, आणि त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. पुढे तुम्ही तीनदा तिसगावला गेलात, त्यांच्या अंगणात बसलात, त्या लेकराची सुटलेली शाळा पुन्हा चालू करून आलात. तुमच्या दहाव्याला ते लेकरू आलं होतं. आता मान वर करून बोलतं. मला म्हणालं, "आजोबांनी मला लाटणं करून दिलं हुतं." तुम्ही हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. तुम्हाला न्यायच्या वेळी सगळी भावकी जमली आणि मडकं कुणी धरायचं यावर सगळे घुटमळले. एक म्हणाला, सुनील म्हणून धरायचं तर धोतर नेसावं लागेल. दुसरा म्हणाला, नाहीतर पुतण्याला द्या. मी आईचं लुगडं नेसून भिंतीला टेकून उभी होते. लढायचं त्राण नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आजवर पुढे उभे तुम्ही होतात, मी नुसती तुमच्या मागून बोलत होते. तेवढ्यात बापूकाका उठले. त्यांनी मडकं उचललं, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "धर, सुनीता. पदर खोचून घे, चालाय जमंल." तोवर त्यांनी मला त्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. मी पदर खोचला. भावकी वाट देऊन बाजूला झाली.

आज सकाळी मी आईला म्हणाले, काकांना काय झालं गं एकाएकी? आई टेबलावरची धूळ पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं. म्हणाली, "त्यांनी सांगू नको म्हनून शपत घातल्याली. आता कुनाची शपत? ह्ये टेबल काय हाय ठावं हाय का तुला? तुजं दार हाय ह्ये."

मला समजेना. आईनं सगळं सांगितलं. मी दार मागितलं त्याच दिवशी तुम्ही लिंबाच्या फळ्या काढल्यात. मला मामाकडे धाडलंत ते लाजेनं नाही. मी परत यायच्या आत दार बसवून ठेवायचं होतं तुम्हाला. आई म्हणाली, देवापुढं नारळ ठेवून तुम्ही चूक भूल माफ कर म्हणालात, आणि ताडपत्री टाकून दार घरी आणलंत. आतून कडी लावायला गिरमिटानं भोक पाडलंत. त्याच दिवशी बापूकाका आले. दार बघून ते चिडतील, गावाची रीत मोडली म्हणतील, असं आईला वाटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ह्ये ब्येस केलंस. आता बाहीरनं कडी लाव आन् कोंड त्याला म्हैनाभर. यील ठिकानावर." म्हणाले, अमक्याच्या घरी असंच केलं होतं, पोरगं सुतासारखं सरळ झालं.

"ह्ये कायबी बोललं न्हाईत," आई म्हणाली. "सकाळी बघती तर दार आडवं घातल्यालं आन् करवत चाललेली. मी म्हनलं, अवं, लेकरू वाट बघतंय. तर म्हनले, म्या आज हाय. उद्या नसलो तर? दार केलं की कडी कुठल्या अंगाला लागंल, ते सुताराच्या हातात ऱ्हात न्हाई."

मला सांगितलं का नाहीत, तर भावाचं नाव माझ्या मनात खराब होऊ नये म्हणून. मी तुम्हाला भित्रा म्हणत होते, ते तुम्ही नऊ वर्षं ऐकून घेतलंत, आणि काकांवर बोट दाखवलं नाहीत. आईनं विचारलं, काका हे विसरले असतील का? मग तिनंच मान हलवली. ते टेबल त्याच दाराचं, हे ओळखून त्यांनी ते दर दिवाळीला बघितलंय. त्या भोकातलं माझं पेन बघितलंय.

अण्णा, आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "येडी का खुळी?" तरी मानते. घोडेगावच्या त्या "बघू"चे. बोरीखालच्या संडासाचे. थंडीत ओलेते उभे राहिलात त्याचे. रंधा सोडू दिला नाहीत त्याचे. आणि जे दार मला मिळालं नाही, त्याचे. तिसगावच्या त्या बाईनं पदर तोंडाला का लावला, ते मला आज कळलं. माझ्यासारख्या कितीजणी कुठल्या कुठल्या खोलीत बाहेरून कडी लावून कोंडलेल्या असतील, आणि मी मात्र दार नसलेल्या घरात बसून बापाशी तोंड वर करून भांडत होते. एवढी चैन कुणाला मिळते?

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. मला सांगायला हवं होतंत. मी काकांना माफ केलं असतं की नाही ते माझं मी बघितलं असतं. तुम्ही माझ्यासाठी सगळीकडे बोललात आणि माझ्याशी तेवढं बोलला नाहीत. हे भांडण मी पुढेही चालू ठेवणार आहे, तुम्ही ऐका न ऐका.

आई म्हणते, टेबल नगरला ने. मी नाही म्हणाले. ते इथंच राहू दे, खिडकीखाली. तिसगावचं लेकरू दहावीला बसणार आहे, त्याच्या घरी अभ्यासाला जागा नाही. सुट्टीत इथं येऊन वाचेन म्हणालंय. आईनं हो म्हटलंय. रंध्यातली साल मी तशीच ठेवून जाणार होते, पण ती अर्धी फळी सोनईच्या एका खिडकीची आहे आणि ते लोक थांबलेत. जायच्या आधी ती मी पुरी करीन. तुमच्यापेक्षा हलका हात आहे माझा, तुम्हीच म्हणायचात.

उद्या पहिल्या एसटीनं निघते. काल घरमालकाचा निरोप आला. मी इतके दिवस नाही, खोली उघडी, म्हणून त्यानं बाहेरून नवीन कडी-कोयंडा बसवून कुलूप घातलंय. त्याची काही चूक नाही. चावी देईल तो. पिशवीत दुपारीच कडीचे स्क्रू काढायला तुमचा पेचकस टाकलाय, आणि बाभळीच्या चार खुंट्या तासून ठेवल्यात, भोकं बुजवायला.

स्टोव्ह गेला तर नवा घेऊ, अण्णा. मी आहे न्हवं.